मधोमध बसवलेला काटा

आमचं मूळ गाव करमाडपासून आत, पायी तासाभराचं. आता तिथं डांबरी रस्ता गेलाय, माझ्या लहानपणी बैलगाडी जाईल एवढीच वाट व्हती. माझा जन्म कोणत्या साली झाला ते नक्की ठाऊक नाय, माय एवढंच सांगायची की बाहत्तरच्या दुष्काळात तू माझ्या लुगड्याला धरून खडी फोडायच्या कामावर यायचा, त्यावरनं साल तुम्हीच धरून लिहा. नाव कचरू. हसू नका, माझ्या आधीची दोन लेकरं जगली नाय म्हणून मला जन्मल्या जन्मल्या कचऱ्यावर ठेवून मग उचलून घरात आणलं, तशी पद्धतच व्हती, आन् नावही तेच ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. माझ्या पाठीवर सहा वर्षांनी झाला तो संजू, त्याचं नाव मात्र चांगलं ठेवलं, तवर मायबापाची भीती मोडली व्हती म्हणा. ह्या संजूला ध्यानात ठेवा. मी सांगणार ते गाडीचं वाटलं तरी ते ह्याचंच हाय. काय सांगू तुम्हाला, तेरा वर्षं एक गोष्ट मी माझ्या सख्ख्या भावाला सांगितली नव्हती, आन् एका लाल गाडीच्या काट्यानं ती माझ्या तोंडातून काढली.

दुष्काळानंतर बाप शहराकडं आला. शहर म्हणजे आपलं औरंगाबाद, आता संभाजीनगर म्हणतेत. मुकुंदवाडीला रेल्वेच्या पट्ट्याकडं आम्ही पत्र्याचं खोपटं टाकलं, बाप चिकलठाण्याच्या कंपन्यांत हमाली करायचा, आन् मी दहावीत गचकलो ते थेट हमीद उस्तादच्या हाताखाली गेलो, गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकायला. उस्ताद लई कडक. कोणतीबी गाडी आली की पहिलं म्हणायचे, पैले अर्थिंग देखना रे, बाकी का बादमें. म्हणजे बॅटरीचा करंट ज्या वाटेनं परत जातो ती वाट आधी बघ, गाडीच्या पत्र्याला वायर नीट चिकटलीय का बघ. आन् त्यांची दुसरी एक रीत व्हती, ती मला दुसरीकडं कुठंच दिसली नाय. गाडीत नवीन काय बी टाकलं, वायर टाका, फ्यूज टाका, साधी टेप गुंडाळा, मालकाला बोलवायचं, त्याचं बोट धरायचं आन् तिथं नेऊन टेकवायचं, की हे मी टाकलं. मालक घाईत असला तरी. एकदा एका फौजदाराचं बोट धरलं त्यांनी, तो चिडला, उस्ताद म्हणले साहब, गाडी में आप बैठते, मैं नै बैठता. मी तीस वर्षं ही रीत पाळली. एकदाच मोडली.

शेंद्र्याला कंपन्यांसाठी जमिनी सपाट करायला लागले त्याच सुमाराला पावसानं दोन-तीन वर्षं लागोपाठ तोंड फिरवलं. विहिरींत खडक दिसाया लागले. तवा उस्ताद वारले व्हते, जालना रोडला माझं सोताचं दुकान व्हतं, आन् संजू टँकर चालवायचा, गावोगाव पाणी टाकायचा. जुना ट्रक, त्याच्यावर टाकी. तुम्ही बघितलं असंल नसंल, टँकर गावात शिरला की बाया हंडे घेऊन धावत्या, पाईप आधी कोणाचा यावरनं झिंज्या धरत्या. आन् ह्याचा टँकर वाटेतच तापायचा. कच्चा रस्ता, पहिला गिअर, वर ऊन, मीटरमधला इंजिनाच्या तापाचा काटा लालीत, म्हणजे लाल पट्ट्यात गेला की हा थांबायचा, अन् थांबायचं हे मीच शिकवलं व्हतं त्याला. थांबला की खेप बुडायची, गावात शिव्या, टँकरच्या मालकाच्या शिव्या वेगळ्या, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो म्हणायचा.

एक दिवस संजू दुकानात आला, डोळे लाल, ओठ फुटलेले, म्हणला दादा, जरा मीटर बघ ना, इंजिन एवढं तापत नसंल, काटाच बिघडलाय, फुकट थांबवतो मला. मी बघितलं. हे मी तुम्हाला साफ सांगतो, काटा बिघडलेला नव्हता. इंजिन खरंच तापत व्हतं, रेडिएटर बोरचं खारं पाणी पिऊन पिऊन चोंदलं व्हतं. ते काढून साफ करायचं म्हणजे टँकर चार दिवस उभा. मालक ऐकणार नाय, संजूची नोकरी जाणार, त्याच्या घरी बायको दिवस भरत आलेली. मग मी काय केलं, इंजिनातून मीटरकडं जी वायर येती तिच्यात एक रेझिस्टन्स टाकला. नखाएवढा तुकडा असतो, करंट थोडा अडवतो, म्हणजे इंजिन कितीबी तापू दे, काटा खालीच राहतो. वरनं काळी टेप गुंडाळली. काटा मधोमध बसला. संजू म्हणला, झाला का नीट? म्हणलं झाला. बोट धरून दाखवलं नाय. मनात म्हणलं चार खेपा जाऊ दे, पाऊस पडला की रेडिएटर काढू, तवा हा बी काढू.

तिसऱ्या दिवशी दुपारी करमाडच्या पुढं त्याला वास आला, तापल्याचा. टँकर बाजूला घेतला. मीटरकडं बघितलं, काटा मधोमध. दादानं नीट केलेला काटा. पाणीच कमी झालं असंल म्हणून ह्यानं फडकं घेतलं आन् रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी तोंडावर आलं. डावा डोळा गेला. मान, छाती भाजली, दोन महिने दवाखान्यात व्हता, त्याच्या पोरीचं तोंड त्यानं तिथंच पहिल्यांदा बघितलं, एका डोळ्यानं.

मी तो तुकडा काढायला गेलो, तर मालकानं टँकर दुसऱ्या कोणाकडं दुरुस्तीला टाकलेला. मग मी गप बसलो. दवाखान्यात माय विचारायची, कचरू, तू तर मीटर नीट केलतं ना रे, मग? मी म्हणायचो जुनं मीटर, त्याचा काय भरवसा. आन् संजू, माहितीय का, तोंडाला पट्ट्या बांधलेल्या, त्यातून म्हणायचा दादाचं काय नाय, माझंच चुकलं, झाकण उघडाया नको व्हतं. हे तो सगळ्यांना सांगायचा. पावण्यांना, विहारात, बायकोच्या माहेरच्यांना, माझंच चुकलं. आन् मी बाजूला बसून मुंडी हलवायचो. माणूस किती नीच असू शकतो ते बाहेर बघायला जायची गरज नाय.

मग त्याला मी दुकानात घेतलं. बॅटऱ्या चार्ज करतो, स्टार्टरचं काम करतो, हात लई चांगला हाय त्याचा. लोक म्हणायचे कचरूनं भावाला सांभाळलं. तेवढं ऐकलं की मला जेवण जायचं नाय.

अशी तेरा वर्षं गेली. जालना रोड रुंद झाला, दुकान दोनदा मागं सरकलं, समोर पाणंद व्हती तिथं सात मजली इमारती झाल्या. आन् पुन्हा पाऊस गेला. पुन्हा टँकर. आता इमारतींच्या दारात बी टँकर. त्या उन्हाळ्यात एक डॉक्टरसाहेब आले, दातांचे, नवीन कॉलनीतले. म्हणले काका, तुमचं नाव ऐकलं, एक जुनी अमेरिकन गाडी हाय, मीटर नीट चालत नाय, दोघं-तिघं हात टेकून गेले.

गाडी आणली त्यांनी, अन् रस्त्यावरची माणसं थांबली. लाल, दोन दारांची, बॉनेट एवढं लांब की त्याच्यावर बाज टाकून झोपावं. आठ सिलिंडर. चालू केली की दुकानाचा पत्रा थरथरायचा. डॉक्टरांचे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कारकून व्हते, तिथल्या मोठ्या साहेबाची ही गाडी, नंतर कारखाना बसला अन् ही शेडमध्ये सडत पडली. डॉक्टरांनी तिचा सांगाडा मिळवला, एका गॅरेजवाल्याकडनं दोन वर्षं खपून उभी केली. म्हणले, बाबांना आता आम्ही ओळखू येत नाही, मला साहेब म्हणतात, पण ह्या गाडीचा फोटो दाखवला की नंबरासकट सांगतात, येत्या रविवारी त्यांना हिच्यात बसवून करमाडपर्यंत न्यायचंय, डॉक्टर लोक सांगतात पुढच्या महिन्याचा भरवसा नाही. सोता डॉक्टर, अन् डॉक्टर लोक सांगतात म्हणत व्हते. मला त्यांची दया आली.

रोग असा व्हता, की चावी फिरवली की पेट्रोलचा काटा अन् इंजिनाच्या तापाचा काटा, दोन्ही संगंच उठायचे अन् पार शेवटाला जाऊन आदळायचे. टाकी रिकामी असू दे, इंजिन थंड असू दे. आता दोन काटे संगंच वेडे झाले म्हणजे रोग दोन नसतात, एकच असतो, दोघांना मिळून जे लागतं तिथं. मीटरच्या मागं एक बारकी डबी असती, बॅटरीचा करंट कमी करून ती दोन्ही काट्यांना देती, आन् तिला पत्र्याचं अर्थिंग लागतं. डॅशबोर्ड उतरवला, मागं बघतो तर काय, आतूनबाहेरून रंग. रंगवणाऱ्यानं एवढ्या हौसेनं रंगवलं व्हतं की लोखंड लोखंडाला कुठंच शिवत नव्हतं. डबीला अर्थिंगच नाय, सगळा करंट काट्यांवर. मी स्क्रूखालचा रंग खरवडला, एक वेगळी वायर थेट पत्र्याला दिली. दोन्ही काटे खाली आले. तरी माझं मन भरंना. संजूनं बाजूच्या चहावाल्याकडनं उकळत्या पाण्याची किटली आणली, त्यात तसलाच दुसरा सेन्सर बुडवला, सेन्सर म्हणजे इंजिनाचा ताप मीटरला सांगणारा तुकडा. काटा बरोब्बर उठला, लालीच्या अलीकडं थांबला. किटलीतनं काढला, उतरला. मीटर खरं झालं. मी डॉक्टरांना बोलवलं, बोट धरलं, नव्या वायरीवर टेकवलं, म्हणलं हे मी टाकलं. संजू किटली घेऊन तिथंच उभा व्हता. माझ्याकडं बघत व्हता. मी दुसरीकडं बघितलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही गाडी रस्त्यावर काढली. डॉक्टर चालवायला, मी बाजूला, संजू मागं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटायचं. मुकुंदवाडीच्या सिग्नलला गाड्याच गाड्या, पाणी टाकून आलेले दोन टँकर आमच्या पुढं. माझी नजर काट्यावर. मधोमध व्हता. सिग्नल सुटला, काटा हलला. थोडा वर. मी म्हणलं ऊन हाय, जाईल खाली. गेला नाय. पुन्हा वर. विमानतळाच्या भिंतीपाशी आलो तवर लालीला टेकायला बोटभर राहिलं. डॉक्टर बी बघायला लागले. मी म्हणलं साहेब, बाजूला घ्या.

गाडी थांबवली, बंद केली, अन् डॉक्टर वैतागले. काका, पुन्हा खोटं दाखवायला लागला हो, इंजिन नवीन बांधलंय, तापेल कसं? मी म्हणलं बघतो. मग ते जरा हळू आवाजात म्हणले, हे बघा, मला रविवारी फक्त जाऊन यायचंय, बाबा समोर बसणार, साहेबांच्या संगं ह्या गाडीत बसून त्यांना मीटर वाचायची सवय, काटा लालीत दिसला की ते घाबरतील, गॅरेजवाला म्हणत होता की तुम्हा लोकांकडे एक छोटा तुकडा असतो, वायरीत टाकला की काटा मधोमध बसतो. तेवढं करा ना.

मागच्या सीटवर संजू बसलेला. मला वाटलं ह्या घटकेला भुई दुभंगावी. हो म्हणावं तर तेच पाप पुन्हा, म्हातारा माणूस पुढं बसणार. नाय म्हणावं तर का नाय ते सांगावं लागणार, अन् संजू ऐकणार. मी दोन्ही म्हणलो नाय. म्हणलं वायर तपासतो. बॉनेट उघडलं, सेन्सरवरची वायर ओढून काढली, काढली की काटा पार खाली पडला पाहिजे, ते बघायला आत येऊन डॅशबोर्डखाली मुंडी घातली. चावी फिरवली. खरं सांगू, काटा बघायचं नाव, तोंड लपवायला गेलतो मी तिथं.

काटा खाली पडला. एकदम थंड दाखवायला लागला. आन् उघड्या दारातून मला संजूच्या चपला दिसल्या, पुढच्या चाकापाशी. हातात लोंबणारं फडकं दिसलं.

मी कसा बाहेर आलो मला ठाऊक नाय, डोकं स्टिअरिंगला आपटलं, खोक पडली, ही बघा अजून खूण हाय. मी ओरडलो, हात लावू नको संजू, काटा खोटा हाय, मी वायर काढलीय, हात लावू नको! अन् जाऊन त्याचा दंडच धरला. तो उभा व्हता, रेडिएटरपासून चार बोटं लांब, पालथा हात धरून. झाकणाला शिवला बी नव्हता. म्हणला, दादा, मी वाफ लागते का बघत व्हतो, लई तापलंय, काटा खरा व्हता मघाशी. आन् म्हणला, मी काट्याकडं त्या दिवसापासून बघतच नाय, हातानं बघतो.

त्याचा दंड माझ्या हातात, कपाळावरनं रक्त खाली येतंय, डॉक्टर बघतायत, बाजूनं गाड्या चालल्यात. मी म्हणलं, संजू, तुझ्या टँकरात मी रेझिस्टन्स टाकला व्हता. काटा नीट नव्हता केला. मीच खोटा केलता. तुझं नव्हतं चुकलं.

तो म्हणला, ठाऊक हाय.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाय. तो म्हणला, दवाखान्यातनं सुटल्यावर पगार आणायला गेलतो, टँकर ज्यानं दुरुस्त केला त्यानं तो तुकडा माझ्या हातावर ठेवला, म्हणला हे कोणी टाकलं रे, ह्यानं तुझा डोळा खाल्ला. मी म्हणलं मलाबी ठाऊक नाय. माझ्याजवळ हाय तो, लायसन ठेवलेल्या डबीत.

मी म्हणलं मग तेरा वर्षं बोलला का नाय. शिव्या द्यायच्या, मारायचं. मायनं एवढ्यांदा विचारलं, तू माझंच चुकलं म्हणत राहिला.

तो म्हणला, तू सांगशील म्हणून थांबलो. पहिली दोन वर्षं रोज सकाळी दुकानात येताना वाटायचं आज दादा सांगल. सगळ्यांसमोर माझंच चुकलं म्हणायचो ना, तवा तुझ्याकडंच बघत राहायचो. मग वाटायचं बंद झालं. मग नुसताच येत राहिलो.

मी रस्त्याच्या कडंला बसलो आन् रडलो. लाज वाटली नाय. संजूनं हातातलं फडकं माझ्या कपाळाला लावलं, दाबून धरलं. डॉक्टर लांब जाऊन उभे राहिले व्हते. थोड्या वेळानं आले, म्हणले काका, तो तुकडा नको. गाडी ओढून घेऊन जाऊ.

रेडिएटर उतरवलं तर आतून पांढरंफटक. गॅरेजवाल्यानं नळाला पाणी नाय म्हणून वर्षभर बोरचं पाणी भरलं व्हतं, पार थर बसलेला. तो रविवार हुकला, पुढचाबी हुकला. मला धाकधूक, म्हातारबाबा तवर राहतील का नाय. राहिले. तिसऱ्या रविवारी सकाळी डॉक्टरांनी त्यांना पुढं बसवलं, मी अन् संजू मागं, करमाडला जाऊन आलो. बाबा जाताना अन् येताना मीटरवर डोळे लावून, दर पाच मिनिटांनी मुलाला सांगायचे, साहेब, टेम्परेचर नॉर्मल. काटा मधोमध व्हता, आपल्या आपण. संजू खिडकीतनं बाहेर बघत व्हता. ज्या जागी त्याचा टँकर थांबला व्हता ती जागा आली तवा त्यानं मला बोटानं दाखवली. मी त्याआधी कधी विचारलीबी नव्हती.

आता मी साठीच्या जवळ आलोय. दुकान संजूच्या पोरीच्या नावावर केलंय, ती कंप्युटर लावून गाड्या तपासती, मी नुसता बसतो. संजू बोलतो माझ्याशी, पहिल्यासारखं का काय ते सांगता येत नाय. एकदा मी तो तुकडा मागितला त्याला, म्हणलं दे, फेकून देतो. म्हणला राहू दे माझ्यापाशी. मी पुन्हा मागितला नाय. त्याचा हाय तो. मी मेल्यावरबी त्याच्या डबीत राहू दे.

सुखी राहा तुम्ही, एवढं बसून ऐकलंत. हे लिहून झालं की पहिलं त्याला वाचून दाखवा, माय व्हती तवा तिला सांगायचं राहून गेलं. अन् वाचताना त्याच्या उजव्या बाजूला बसा, त्याला तिकडनंच दिसतं.